पुढच्या चाकांचा शाफ्ट

मांजरी बुद्रुक
११ नोव्हेंबर २०१३

श्री. दीनानाथ लवाटे यांस,
सोजरबाई बजरंग कुंजीर हिचा नमस्कार.

तुमची-आमची ओळख नाही. माझा मुलगा दत्तोबा हडपसरला एका कंपनीत कामाला आहे. त्याच्या बरोबरची मंडळी रविवारी वारज्याला एका मोकळ्या प्लॉटवर रिमोटच्या गाड्या पळवतात, मातीत उड्या मारणाऱ्या. ते म्हणाले, गाडी घ्यायची तर आधी शनिवार पेठेतल्या लवाट्यांना विचारा. पण फोन करू नका, त्यांना ऐकू येत नाही, पत्र लिहा. आणि पत्रात फापटपसारा नको, असंही बजावलं. तो मी जमेल तेवढा टाळते.

गाडी आमच्या मालकांसाठी हवी आहे. वय एकोणसाठ. वैशाखात बांधावरून ट्रॅक्टर कलंडला आणि यांच्या मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली आहे. हाड जुळलं. डॉक्टर म्हणतात, आता चाललंच पाहिजे. होळीपर्यंत पाय वापरात आला नाही तर आखडेल तो कायमचा. पण हे खाटेवरून उठत नाहीत. गणपतीत एकदा वॉकर घेऊन अंगणात आले आणि खुरपणीच्या बायकांसमोर पडले. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळ्या रडायला लागल्या. त्या दिवसापासून वॉकर कोपऱ्यात आहे आणि त्याच्यावर टॉवेल वाळत घालतात.

दिवसभर पडवीतल्या खाटेवर बसून समोरच्या उसाच्या रानाकडं बघतात. बोलणं नाही. परवा दत्तोबानं मोबाइलवर त्या गाड्या दाखवल्या, तेव्हा कितीतरी महिन्यांनी यांनी आपणहून एक प्रश्न विचारला. म्हणाले, "ह्येला पुढच्या चाकांनाबी वढ हाय का?" दत्तोबाला सांगता येईना. एक जात मागच्या दोनच चाकांवर चालते आणि दुसरी चारही चाकांवर, एवढंच त्याला ठाऊक. आमच्या रानाला आणि आमच्या माणसाला कुठली बरी, ते तुम्ही सांगा.

सोजरबाई

—

शनिवार पेठ, पुणे
१८ नोव्हेंबर २०१३

सौ. सोजरबाई कुंजीर यांस,

पत्र पोचले. प्रश्न एक आणि मजकूर दोन पाने, पण मजकूर उपयोगाचा निघाला, म्हणून तक्रार नाही.

आपल्या यजमानांचा प्रश्न योग्य आहे. माझ्याकडे येणारे निम्मे लोक आधी रंग विचारतात.

टू-व्हील ड्राइव्ह म्हणजे मोटरची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. पुढची चाके दिशा देतात आणि मागच्यांच्या जिवावर फुकट फिरतात. ही गाडी हलकी असते, तिच्यात भाग कमी, त्यामुळे मोडतोडही कमी, आणि बॅटरी जास्त वेळ पुरते. कठीण, दाबलेल्या मातीवर ती उत्तम. पण वळणावर शेपूट फिरवते, आणि मऊ मातीत मागची चाके जागच्या जागी खड्डा करून बसतात. हात तयार व्हायचा असेल तर मी हीच देतो, कारण ती चूक माफ करत नाही.

फोर-व्हीलमध्ये मधून एक लांब शाफ्ट पुढे जातो आणि पुढची चाकेही ओढू लागतात. गाडी जड, भाग जास्त, साफसफाई जास्त. पण ढेकळे, सरी, पाचट, काही असो, ती स्वतःला ओढून बाहेर काढते. चालवणारा अडाणी असला तरी ती त्याला सांभाळून घेते.

वारज्याची मंडळी यावर तासन्‌तास वाद घालतात. आपल्या बाबतीत वादाला जागा नाही. अडकलेली गाडी आणायला माणसाला उठावे लागते. आपले यजमान उठत नाहीत. रान उसाचे आहे. तेव्हा फोर-व्हील.

एक वापरलेली माझ्याकडे आहे, ती नीट करून ठेवतो. महिनाअखेरीस मुलाला पाठवा. त्याने खालून टाळ्या वाजवू नयेत, मला ऐकू येत नाही. गॅलरीतून दोरी लोंबते, ती ओढावी. वर घंटेऐवजी एक लाल फडके हलते. मी टोपलीतून गाडी खाली सोडीन.

दीनानाथ लवाटे

—

मांजरी
२० डिसेंबर २०१३

लवाटेकाका,

काका म्हटलेलं चालेल ना. तुमचं वय दत्तोबानं खालून अंदाजानं पंचाहत्तर सांगितलं.

गाडी आली. घरापुढचा ऊस तोडून गेला आहे, तेव्हा रान मोकळं आहे. पहिल्या दिवशी यांनी ती विहिरीच्या कठड्यावर आपटली, दुसऱ्या दिवशी कोंबड्यांच्या मागं लावली. आठवड्यात हात असा बसला की सरीतून सरळ रेषेत नेतात आणि बांधाच्या टोकाला वळवून परत आणतात, ट्रॅक्टर वळवायचे तशी. आता जेवतात नीट. दत्तोबाशी बोलतात. मैना, म्हणजे आमची सून, म्हणते की मामंजी पहिल्यासारखे झाले.

नाही झाले. ती सकाळी कामाला लागते, तिला दिसत नाही. मी पाय बघते. मांडी रोज बारीक होते आहे. डॉक्टरांनी परवा गुडघा दुमडून बघितला आणि नुसतं माझ्याकडं बघितलं.

काका, तुमची गाडी फार चांगली आहे. ती कुठंच अडकत नाही. खाटेवर बसल्या बसल्या सगळं रान फिरून येते आणि यांच्या पायाशी येऊन उभी राहते. आधी यांना रानात जाता येत नव्हतं म्हणून वाईट तरी वाटायचं. आता तेही वाटत नाही.

तुम्हीच लिहिलंत की अडकलेली गाडी आणायला उठावं लागतं. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिथंच थांबले. मला अडकणारी गाडी द्या. पण यांना कळता कामा नये. दिसायला हीच पाहिजे.

आणि दत्तोबा सांगत होता, तुम्ही खाली आला नाहीत, गाडी खरंच टोपलीतून आली. तब्येत बरी आहे ना?

सोजरबाई

—

शनिवार पेठ
२७ डिसेंबर २०१३

सौ. सोजरबाई यांस,

मी चाळीस वर्षे एका कारखान्यात मोजमापाची उपकरणे दुरुस्त केली. चांगले चालणारे यंत्र मुद्दाम अधू करून द्या, अशी मागणी प्रथमच आली. आणि तीही मालकाच्या नकळत. मला हे पसंत नाही.

मात्र आपले म्हणणे चूक आहे असे मला दोन दिवस विचार करूनही सिद्ध करता आले नाही. गाडी निवडताना मी रानाचा विचार केला, चालकाच्या सोयीचा केला. सोय त्याला बाधेल हा विचार केला नाही. ती चूक माझी.

काम अगदी सोपे आहे. मधला शाफ्ट काढला की पुढची चाके सुटी होतात आणि फोर-व्हीलची टू-व्हील होते. वरून काहीही दिसत नाही. उलट गाडी मूळची जड आणि आता ओढ निम्मी, म्हणजे साध्या टू-व्हीलपेक्षाही लवकर अडकेल. गिअरमध्ये माती गेली, सर्व्हिसिंगला पाठवते, असे सांगून गाडी पाठवा. खोटे आपण बोलावे. मी फक्त स्क्रू काढीन.

टोपलीचा विषय आपल्या पत्रात का आला ते कळले नाही. अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत. मागच्या वर्षी त्यातली एक चुकली. विषय संपला.

दीनानाथ लवाटे

—

शनिवार पेठ
९ जानेवारी २०१४

सौ. सोजरबाई यांस,

गाडी सोबत आहे. शाफ्ट माझ्याकडे चष्म्याच्या जुन्या डबीत आहे, वर आपले नाव लिहिले आहे. यजमानांनी विचारले तर शेपूट का फिरते याचे कारण टायर झिजले असे सांगावे. हे खोटे मी सुचवले, हे माझ्या लक्षात आले आहे.

दी. ल.

—

मांजरी
२ फेब्रुवारी २०१४

काका,

गाडी अडकते. दिवसातून दहा वेळा अडकते. पाचटात, पाटाच्या कडेला, ढेकळात. तुमच्या कामात कसूर नाही.

कसूर आमच्या घरात आहे. या घरात मालकाला दोनदा हाक मारावी लागत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हीच रीत. गाडी थांबली की यांनी नुसती मान वर करायची. सरुबाई हातातलं खुरपं टाकून पळते. ती वीस वर्षं आमच्याकडं कामाला आहे, वयानं यांच्याहून मोठी, तिचे गुडघे यांच्यापेक्षा वाईट. ती नसली तर मैना. मैना नसली तर शेजारच्या सोसायटीचा वॉचमन कंपाउंडवरून उडी मारून येतो. सगळ्यांना वाटतं, बिचाऱ्या माणसाचा एवढा एक विरंगुळा, तो थांबायला नको.

मी एकदा सरुबाईला अडवलं. म्हटलं, राहू दे, आणतील ते. सगळ्यांसमोर म्हणाली, "बाई, तुमचं काळीज दगडाचं हाय." मैना दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. खरं कारण सांगावं तर ते तासाभरात यांच्या कानावर जाईल, आणि मग हे गाडीलाही हात लावणार नाहीत. तेव्हा मी दगडाचीच राहिले.

होळीला सहा आठवडे आहेत. मला भीती वाटते. हे मी घरात कुणाला बोललेले नाही, तुम्हाला लिहिते कारण तुम्ही लांब आहात.

सोजरबाई

—

शनिवार पेठ
१० फेब्रुवारी २०१४

सौ. सोजरबाई यांस,

पत्र वाचले. उपाय सुचत नाही. यंत्रातला दोष मला सापडतो. माणसांच्या चांगुलपणाला कुठला स्क्रू असतो ते मी शिकलो नाही.

आपण तब्येत विचारली होती आणि मी तुटक उत्तर दिले, म्हणून थोडे लिहितो. समोरच्या बिऱ्हाडातल्या श्यामलाबाई दूध आणि भाजी आणतात. पेपरवाला टोपलीत पेपर टाकतो. पोस्टमन तसेच. औषधवाला तसेच. न्हावी घरी येतो. पायरी चुकली तेव्हा फक्त मुरगळले होते, तीन आठवड्यांत बरे झाले. तोवर ही सगळी व्यवस्था बसली होती आणि ती मोडायचे कारण पडले नाही. मी चौदा महिने खाली उतरलेलो नाही. सर्वजण फार चांगले आहेत. आपले पत्र वाचल्यापासून मला त्यांचा किंचित राग येऊ लागला आहे, जो अन्यायाचा आहे.

आपल्याला दगड म्हटले गेले, त्याबद्दल वाईट वाटले. ज्याला कळवळा दाखवता येत नाही तोच कधी कधी उपयोगी पडतो. शाफ्ट परत बसवायचा असेल तर कळवावे.

दीनानाथ लवाटे

—

मांजरी
२२ फेब्रुवारी २०१४

काका,

शाफ्ट बसवू नका. आधी हे वाचा.

आमच्या रानात, पडवीपासून साठ-सत्तर पावलांवर, म्हसोबाचा ओटा आहे. वर शेंदूर लावलेले दोन दगड, निंबाची सावली. त्या ओट्यावर बाईमाणसानं पाय ठेवायचा नाही आणि वरची वस्तूही उचलायची नाही, असा या घरचा नियम आहे. मी नवी नवरी असताना एकदा वासराच्या मागं तिथं गेले होते, तर सासूबाईंनी मला दिवसभर उपाशी ठेवलं. हा नियम मला तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही. देवाला बाईचा विटाळ होतो तर वासरू कसं चालतं, हे मला कुणी सांगितलं नाही.

परवा गुरुवारी दुपारी गाडी फिरत फिरत तिकडं गेली. ओट्याची कड एका बाजूला ढासळलेली आहे. तिथून ती निम्मी वर चढली आणि अडकली. पुढची चाकं ओट्यावर, मागची खाली मातीत घरघर करत बसलेली. तुमचा शाफ्ट असता तर सहज वर गेली असती.

सरुबाई नेहमीप्रमाणं पळाली आणि ओट्यापाशी जाऊन खिळल्यासारखी थांबली. तोंडावर पदर घेऊन उभी राहिली. दत्तोबा कामावर. वॉचमनची सुट्टी. मैना माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "आत्याबाई, मी आणू का पटकन? कुणाला कळतंय?"

मी म्हणाले, "नाही. नियम म्हणजे नियम."

काका, सासूबाईंच्या माघारी पंचवीस वर्षांत मी त्यांचा एकही नियम एवढ्या कडकपणे पाळलेला नाही.

यांनी रिमोटचा खटका मागं-पुढं केला. मग म्हणाले, "वॉकर कुठाय?" मी टॉवेल काढून वॉकर पुढं ठेवला आणि मागं सरले. सरुबाई धरायला निघाली, तिचा दंड मी पकडला. जोरात पकडला असणार, काल तिनं वळ दाखवला.

साठ-सत्तर पावलांना अर्धा तास लागला. दोनदा थांबले. एकदा वॉकरचा पाय सरीत रुतला, तेव्हा पडतात असं वाटलं. पडले नाहीत. ओट्यावर बसले, गाडी मांडीवर घेतली आणि तिथंच बसून राहिले. मी ते बघायला थांबले नाही. आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासली, कारण मला मोठ्यानं रडायचं होतं आणि नळ सोडला की आवाज जात नाही.

परत आले तेव्हा गाडी वॉकरच्या दांडीला टॉवेलनं बांधलेली होती. पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आपणहून म्हणाले, म्हसोबाला दिवा लावायचा राहिला होता.

काल पुन्हा गेले. आजही गेले.

सोजरबाई

—

मांजरी
८ मार्च २०१४

श्री. लवाटे यांस,
बजरंग कुंजीर याचा नमस्कार.

हे पत्र मी लिहितो हे घरात माहीत नाही. पाकीट मी स्वतः चालत जाऊन कोपऱ्यावरच्या पेटीत टाकणार आहे, त्यामुळं तुम्हाला पोचलं म्हणजे मी तिथवर गेलो असं समजा. आता वॉकर नाही, काठी आहे. डॉक्टर म्हणाले, पाय थोडा आखूड राहील, पण चालू राहील.

तुमची सगळी पत्रं मी वाचली आहेत. ही ती डाळीच्या डब्याच्या मागं ठेवते. पण पत्रं मागून हाती आली. शाफ्टचं मला आधीच कळलं होतं. सर्व्हिसिंगहून गाडी आली त्याच दिवशी मी ती उलटी धरून पुढचं चाक बोटानं फिरवलं. मोकळं फिरलं, मागचं हललंसुद्धा नाही. तीस वर्षं ट्रॅक्टर चालवला, एवढं न कळायला मी काही डोक्यावर पडलो नव्हतो, मांडीवर पडलो होतो. टायर झिजले म्हणून हिनं सांगितलं. मी बरं म्हटलं.

आधी राग आला. मग विचार केला, ही बाई माझ्यापुढं कधी रडली नाही, ओरडली नाही, आणि आता गुपचूप स्क्रू काढायला लागली आहे, म्हणजे प्रकरण हाताबाहेर चाललं आहे. त्या दिवसापासून उठायचं माझ्या मनात होतं. पण कसं उठायचं? मान वळवली की चार माणसं धावत येतात. गणपतीत खुरपणीच्या बायकांसमोर पडलो तेव्हा त्या रडल्या, ते अजून कानात आहे. पुन्हा पडलो असतो तर पुन्हा रडल्या असत्या, आणि मग मी जन्मात उठलो नसतो. मला एवढीच एक जागा पाहिजे होती जिथं पडलो तर कुणी उचलायला येणार नाही.

म्हणून त्या गुरुवारी गाडी म्हसोबावर घातली. ढासळलेली कड आठ दिवस बघून ठेवली होती. वॉचमनची सुट्टी गुरुवारी असते, तेही ठाऊक होतं. बायका ओट्याला हात लावणार नाहीत हे तर मला आईमुळं लहानपणापासून माहीत. धाकधूक एकाच गोष्टीची होती, की हिला तो नियम पटत नाही. ही म्हणाली असती, कसला म्हसोबा, आण गं मैना, तर माझा सगळा बेत फसला असता. पण ती म्हणाली, नियम म्हणजे नियम. ते मी खाटेवरून ऐकलं आणि ओळखलं की आम्ही दोघं एकच काम करतो आहोत.

हे तिला सांगू नका. तिला वाटतं, तिनं मला उठवलं. ते खरंही आहे.

आता कामाचं. गाडीला चारही चाकांची ओढ परत पाहिजे, मला ती ओढ्यापलीकडं न्यायची आहे आणि मागं मागं चालायचं आहे. शाफ्ट तुमच्याकडं डबीत आहे. तो टपालानं पाठवू नका. टोपलीतून सोडला तर दत्तोबा घेणार नाही, त्याला मी सांगून ठेवलं आहे. शाफ्ट तुम्ही इथं आणून बसवायचा. पुढच्या रविवारी, सोळा तारखेला होळी आहे. पुरण आमच्याकडं चांगलं होतं.

तुमच्या पायऱ्या अठ्ठेचाळीस आहेत, माझी पावलं सत्तर होती.

बजरंग कुंजीर

—

शनिवार पेठ
१२ मार्च २०१४

श्री. बजरंग कुंजीर यांस,

पत्र मिळाले, म्हणजे आपण पेटीपर्यंत गेलात.

मी आपल्याला फसवले, त्याबद्दल माफी मागायचे ठरवले होते. आता कुणी कुणाला फसवले याचा हिशेब लागत नाही, म्हणून सोडून देतो. सौ. सोजरबाईंना काही कळवणार नाही.

शाफ्ट खिशात ठेवला आहे. काल श्यामलाबाईंना दूध आणू नका म्हणून सांगितले. त्या रागावल्या. संध्याकाळी जिन्यात अकरा पायऱ्या उतरून परत आलो. आज एकोणीस.

रविवारी सकाळी नऊ वाजता दत्तोबाला रिक्षा घेऊन दाराशी उभे राहायला सांगावे. मला उशीर होईल. त्याने खालीच थांबावे. वर घ्यायला कुणी येऊ नये.

दीनानाथ लवाटे